दहापैकी दहा

परबबाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. पण अजूनही गोष्ट लिहायला बसलो की पहिल्याच पानावर हात अडतो. मागून कोणीतरी विचारतं, "हे खरं आहे का रे?" मी वळून बघत नाही. वळलो तर उत्तर द्यावं लागेल, याची भीती वाटते.

हा प्रश्न बाईंचा. चारकोपला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही सात-आठ जण जमायचो. सगळे हौशी लेखक. एकाने गोष्ट वाचायची, बाकीच्यांनी ती सोलायची, असा कार्यक्रम. ऑफिस म्हणजे काय, तर एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याच्या पंपाचा जुना फूट-व्हॉल्व्ह की कायसं, आणि मधे खुर्च्या. पंख्याखालची लोखंडी खुर्ची बाईंची. सांताक्रूझच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. त्यामुळे बाईंकडे दोन भाषा होत्या. पुस्तकांबद्दल बोलायला शाळेतली, आणि माणसांबद्दल बोलायला, विशेषतः रागावल्या की, गावची.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा चांगलाच फुशारलेला होतो. दिवसा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवून घ्यायचो आणि संध्याकाळी साहित्य बनवायचो. दोन दिवाळी अंकांत छापून आलो होतो. त्या दिवशी वाचलेल्या गोष्टीत एक म्हातारे वडील होते आणि त्यांच्या खिडकीवर येऊन बसणारा एक कावळा होता. पाच पानांत तो नऊ वेळा यायचा. वाचून झाल्यावर मी कोणीतरी "प्रतीक" हा शब्द उच्चारण्याची वाट बघत बसलो.

"वडील आहेत तुमचे?" बाईंनी विचारलं.

"आहेत. गावाला असतात. पण बाई, ही गोष्ट आहे."

"गोष्ट आहे ते कळलं. शेवटचं कधी बोललात त्यांच्याशी?"

मी आठवू लागलो. गणपतीत बोललो होतो, आणि आता शिमगा जवळ आला होता.

"हयात माणसाच्या खिडकीत कावळा बसवलात," बाई म्हणाल्या. "प्रतीक चांगलं आहे, ते काय कुठे पळून जात नाही. आधी फोन करून या."

सगळ्यांसमोर! मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो, आणि बाहेर गेलोच आहे तर म्हणून फोन केला. त्याबद्दल इथे जास्त सांगत नाही. वीस मिनिटांनी आत आलो तेव्हा बाईंनी उकडलेल्या शेंगांची पिशवी माझ्यापुढे सरकवली आणि त्या दिवसापासून मला "अरे-तुरे" सुरू केलं.

एकदा तो पहिला प्रश्न विचारून झाला की मग मात्र बाई शिकवायला लागायच्या, आणि तसं शिकवणं मी पुन्हा पाहिलं नाही. त्यांच्या तोंडी कधी जड शब्द नसायचा. अतिशयोक्ती शिकवायची तर म्हणायच्या, "आई 'हजारदा सांगितलं' म्हणते. मोजलं तर चारदाच भरेल. पण तिचा थकवा हजारदाचा असतो, तो आकड्यात घातला की झाली अतिशयोक्ती." उपरोधासाठी त्यांच्या जुन्या हेडमास्तरांची भाषणं होतीच. पुनरुक्तीबद्दलचं त्यांचं म्हणणं तर मी वहीत लिहून ठेवलंय: "गोष्टीतली बाई एकदा 'काही नाही झालं' म्हणाली तर काही झालेलं नसतं. दोनदा म्हणाली तर काहीतरी झालंय. तीनदा म्हणाली तर समज, घरातलं कोणीतरी गेलंय."

कोणी गोष्टीत उगाच एखादी वस्तू आणली की त्या म्हणायच्या, "काढून बघ." मग आम्ही ती वस्तू काढून गोष्ट परत वाचायची. छत्री काढली तरी गोष्ट उभी राहिली तर छत्री शोभेची. गोष्ट कोसळली तर छत्रीत काहीतरी आहे, आता ते काय आहे ते शोधा. माझा कावळा नऊपैकी आठ जागांवरून उडाला.

पण बाईंच्या दोन सवयी आम्हाला विचित्र वाटायच्या. एक म्हणजे त्या कधी टाळ्या वाजवायच्या नाहीत. गोष्ट कितीही रंगू दे, आम्ही सगळे टाळ्या पिटत असताना बाई दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसायच्या. आणि दुसरी, लाल शाई त्यांना चालायची नाही. आमचे कागद त्या पेन्सिलीने तपासायच्या, आणि शेरा म्हणून लिहायच्या तो प्रश्नच असायचा. एकदा कुरिअरवाल्याने सहीसाठी लाल पेन पुढे केलं, तर बाई आत जाऊन पेन्सिल घेऊन आल्या. तो म्हणाला, "मावशी, पेन्सिल नहीं चलेगा." पार्सल परत गेलं.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाची आम्ही यथेच्छ टिंगलही करायचो. त्याला कारण बावकरकाका. काका बेस्टमधून निवृत्त झालेले, गोल गरगरीत. त्यांनी एकदा गोष्ट वाचली. बायको वारल्यावरही रोज दोघांचा स्वयंपाक करणारा म्हातारा, आणि तिच्या ताटातला भात निवत जातो तो शेवट. बाईंनी विचारलं, "काका, हे खरं आहे का?" काकांनी नुसतीच मान खाली घातली. त्यांना वाटलं असावं, थोडा परिणाम राहू द्यावा. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सोलकढी आणि भाताचा डबा घेऊन काकांच्या दारात. दार उघडलं काकूंनी. पुढे काय झालं ते काकाच सांगायचे, "बाईंनी डबा दिला तो बायकोनेच खाल्ला हो. आणि मला दोन दिवस सांगितलं, जा, तुझ्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याकडे जेव."

आम्ही पोट धरधरून हसलो. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "खोटं निघालं ते बरंच झालं की. एक डबाच काय तो वाया गेला."

त्यांचा आवाज तेव्हा थोडा बदलला होता. माझ्या ते लक्षात आलं, पण विचारावंसं वाटलं नाही. माणसाने बारकावे टिपावेत आणि पुढे जाऊ नये, ही आम्हा लेखकांची जातच.

कारण कळलं ते एका शनिवारी. क्रिकेटची कसलीशी फायनल होती, त्यामुळे आम्ही दोघंच आलो होतो. पंखा बंद होता. बाईंनी पर्समधून प्लॅस्टिकचं एक पाकीट काढलं आणि त्यातला घडी घातलेला फुलस्केप माझ्या हातात दिला. घड्यांवर कागद चिरत आला होता, मागून चिकटपट्टी लावलेली. नववीतल्या मुलीचं गोल अक्षर. वर नाव, संगीता, आणि विषय: आमच्या घरातील एक वस्तू.

"मी एक पेटी आहे. मी पत्र्याची आहे. मी कॉटखाली असते. माझ्या पोटात आईचा शालू आणि रेशनकार्ड आहे. माझ्या मागे भिंत आहे. भिंतीत आणि माझ्यात थोडी जागा आहे. संध्याकाळी बाबा आले की त्या जागेत एक मुलगी येऊन बसते. मी तिला झाकते. मी अजिबात हलत नाही. पूर्वी ती माझ्या मागे पूर्ण मावायची. आता ती मोठी झाली आहे. तिचे पाय बाहेर राहतात."

खाली लाल शाईत, बाईंच्या वळणदार अक्षरात: "वा! चेतनगुणोक्ती सुरेख साधली आहेस. शेवटचे वाक्य अप्रतिम. काहीही न सांगता सगळे सांगितलेस. १०/१०."

"त्याच आठवड्यात शिकवली होती मी चेतनगुणोक्ती," बाई म्हणाल्या. "निर्जीव वस्तू माणसासारखी बोलते, वागते. सगळ्यांनी तेच ते लिहिलं, मी फळा बोलतोय, मी छत्री बोलतेय. आणि ही पोर पेटी घेऊन आली. मी स्टाफरूममध्ये नाचायचीच बाकी होते रे. वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. टाळ्या वाजवायला लावल्या. भित्तिपत्रकात लावला, शेजारी पेटीचं चित्र काढून घेतलं."

त्यांनी शेऱ्यावर बोट ठेवलं. "बघ ना. मीच लिहिलंय. सगळे सांगितलेस. मीच लिहिलंय हे."

दिवाळीच्या सुट्टीनंतर संगीता शाळेत आली नाही. बाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि मग पत्ता काढून खारदांड्याला गेल्या. खोलीला कुलूप. शेजारची बाई मासळी साफ करत होती. ती म्हणाली, बापाने पोरीला असं मारलं की चादरीत घालून न्यावी लागली. आई पोरीला घेऊन त्याच दिवशी गेली, बापही नंतर खोली सोडून गेला. पोर जगली की नाही, तिला ठाऊक नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, घरगुती बाब आहे, बाई. आपण काय करणार?

"त्यानंतर पंधरा वर्षं शिकवलं मी," बाई म्हणाल्या. "वर्गात गेले की आधी पोरींचे पाय बघायची. बाकाखालून बाहेर आलेले. अजून बसस्टॉपवर पंचेचाळिशीतली बाई दिसली की चेहरा बघते. दोनच गोष्टी कळायला हव्यात मला. ती जगली का, आणि ते तिने मला सांगायला लिहिलं होतं, की नुसता निबंध म्हणून. एवढं कळलं की मी सुटले."

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाई बोलत होत्या, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: काय वाक्य आहे! "तिचे पाय बाहेर राहतात." मला त्या पोरीची दया नंतर आली. वाक्य आधी आलं. याची मला आजही लाज वाटते.

आणि लाज वाटत असतानाच मी ती गोष्ट लिहिली. नावं बदलली, सांताक्रूझचं बोरिवली केलं. बाईंना मास्तर केलं. पेटी ठेवली, ते वाक्य शब्दशः ठेवलं. आणि शेवटी मुलगी मरते असं दाखवलं, कारण चादरीनंतर दुसरा कुठला शेवट मला जमेना. दिवाळी अंकात ती छापून आली. चार जणांचे फोन आले, सूचकतेचं कौतुक झालं.

बाईंना मी अंक दिला नव्हता. तो त्यांना बावकरकाकांनी दिला, मोठ्या कौतुकाने. बाईंनी मला घरी बोलावलं. टीपॉयवर अंक उघडा होता. बस म्हणाल्या नाहीत.

"माझं नाव बदललंस. तिचं बदललंस. वाक्य तेवढं तसंच ठेवलंस. चोराला काय उचलायचं ते बरोबर कळतं."

"बाई, मी तुम्हाला विचारणार होतो..."

"आणि मेल्या, तिका मारून टाकलंस?"

"गोष्टीला शेवट हवा होता, बाई."

"तुका शेवट सुचाक नाय, म्हणून तिका मारलंस?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं मी तिला जिवंत ठेवली रे. रोज उठून ठेवली. तू एका परिच्छेदात मारलीस."

मी चपला घालून निघालो. त्यानंतर बाई शनिवारी यायच्या बंद झाल्या. लोखंडी खुर्ची कोणी घेतली नाही, पण गोष्ट वाचून झाली की आम्ही सगळे तिच्याकडे बघायचो. पहिला प्रश्न विचारायचं धाडस कोणाला होईना. मला तर मुळीच नाही. मी लिहायला बसलो की पेटी दिसायची. पत्र्याची, कॉटखाली, आणि तिच्या बाजूने बाहेर आलेले दोन पाय.

मार्गशीर्षात एका दुपारी कारखान्यात असताना फोन आला. कुणा अनोळखी बाईचा आवाज.

"तुम्ही दिवाळी अंकात ती पेटीची गोष्ट लिहिलीत ना? ती पेटी आमची होती."

मशीनच्या आवाजात मला वाटलं, चुकीचं ऐकतोय. मी बाहेर आलो.

"आणि त्यातली मुलगी मेली नाही," ती म्हणाली. "मीच बोलतेय. आमच्या लॅबमध्ये पेशंटांना वाचायला ठेवलेला अंक. मी पेशंटच्या हाताला पट्टा बांधलेला, आणि वाचत काय बसलेय! शेवटी मी मेले, तेव्हा म्हटलं, अरे यार, हा कोण मला मारणारा?" ती हसली. मला हसता येईना. मग तिने विचारलं, "बाई आहेत का हो?"

संगीता त्याच रविवारी मुलुंडहून आली. मी तिला बाईंच्या दारापर्यंत पोचवून परत फिरणार होतो. पण बाईंनी दार उघडलं आणि त्या दोघी नुसत्याच एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, तेव्हा मला तिथून हलता येईना. संगीता उंच, सावळी, केसांत पांढरं आलेलं. डावा पाय किंचित ओढत चालत होती. बाईंनी तो पाय पाहिला. तिला हाताला धरून आत नेलं, पाट द्यावा तशी खुर्ची पुसून दिली.

संगीता भराभर बोलत सुटली. आईने तिला घाटकोपरला मावशीकडे नेलं. पायात सळई घातली. एक वर्ष वाया गेलं, मग शिकली, लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम मिळालं. लग्न, एक मुलगा. बाप कुठे गेला कोणाला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. एक गोष्ट कळली होती. दुसरीसाठी त्या तोंड उघडायच्या आणि मिटायच्या.

शेवटी म्हणाल्या, "संगीता गो, एक विचारू? तो निबंध तू मला सांगायला लिहिला होतास काय? की नुसता निबंध म्हणून?"

मी मनात म्हटलं, संगीता, खोटं बोल. म्हण, नुसता निबंध होता. काय जातंय तुझं?

संगीताने कप खाली ठेवला. "तुम्हाला सांगायलाच लिहिला होता, बाई. सरळ लिहायची लाज वाटत होती. तुम्ही शिकवलंत ना, वस्तू बोलते म्हणून? मग म्हटलं, पेटीला सांगू दे."

बाई हलल्या नाहीत.

"तुम्ही तो वर्गात वाचलात तेव्हा मला इतकं बरं वाटलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. आता बाई घरी येणार. मी घरी जाऊन आईला सांगितलं, बाई येणारेत आपल्याकडे. तर आईने शेजारून साखर मागून आणली. आमच्याकडे चहा गुळाचा असायचा ना. दुसऱ्या दिवशी खोली सारवून घेतली. तुम्ही आला नाहीत, मग म्हटलं कामात असतील. रोज शाळेतून गेले की आई विचारायची, आज येणारेत का?"

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. लहानपणची एक गंमत सांगावी तसं सांगितलं, आणि सांगता सांगता तिलाच कळलं की ही गंमत नाही. ती थांबली. "तसं नाही, बाई. तुमची काही चूक..."

"आई आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे ना. माझ्याकडेच असते, मुलुंडला. गुडघे गेलेत तिचे, पण बाकी ठीक आहे."

बाई उठल्या. आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या असतील, आणि मी संगीताला खुणेने सांगितलं, थांब जरा. पण बाई दोन मिनिटांत परत आल्या. साडी बदललेली, खांद्याला पिन लावलेली, हातात पर्स. त्यांनी दारामागच्या चपला पायांत सरकवल्या.

"चल," त्या संगीताला म्हणाल्या.

"कुठे, बाई?"

"तुझ्या घरी."

मी मधे पडलो. चारकोपहून मुलुंड म्हणजे मुंबईचं दुसरं टोक, रविवारची संध्याकाळ, रस्ते तुंबलेले. बाईंना दम्याचा त्रास. म्हटलं, "बाई, आज नको. उद्या मी गाडी करून घेऊन जातो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.

"उद्या?" एवढंच म्हणाल्या.

खाली येऊन मी रिक्षा थांबवली. मी त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं. त्या आठ दिवस मुलुंडला राहिल्या, तिथेच दमा वाढला, आणि संगीताचा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. पण त्या संध्याकाळी बाई रिक्षात चढताना कोणाचा हातही न धरता चढल्या. पर्स मांडीवर घेऊन सीटच्या अगदी कडेला बसल्या, उशीर झालेली माणसं बसतात तशा. रिक्षावाल्याने मीटर टाकलं. संगीता शेजारी बसून डोळे पुसत होती. बाईंनी तिला कोपराने ढोसलं.

"रडतेस काय? आईला फोन लाव," त्या म्हणाल्या. "सांग तिला, बाई निघाल्यात."